पावसाचा बोर्ड लागलाच नव्हता

हरेश, तुझ्या पगडीच्या दिवशी मी भांडले. तुमच्या सिंधी दरबारात, मंदिराच्या हॉलमध्ये, तुझ्या फोटोला हार घातलेला, समोर तुझी सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत बसलेली, आणि मी उभी राहून एका माणसाला खोटं पाडलं. अशा ठिकाणी असं वागू नये, हे नंतर बऱ्याच जणांनी मला सांगितलं. तुझे मोठे काका बाहेर चपला घालताना म्हणाले, "बेटी, थोडा सबर रखना था." मी त्यांच्या पाया पडले, पण माफी मागितली नाही. तुझ्याकडेही मागणार नाही.

कशावरून भांडले ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितेय. दुसऱ्या कुणाला कळलं तर कळू दे.

भजन झालं, तुझ्या धाकट्या भावाच्या डोक्यावर पगडी बांधली, मग काही जण तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायला उठले. त्यांत आपल्या जुन्या टीमचा मालक होता. तुला आणि मला एकाच दिवशी काढून टाकणारा. येईल असं वाटलं नव्हतं, पण आला, आणि बरं बोलला हेही खरं. म्हणाला, टायर कधी बदलायचा हे हरेश नुसता आवाजावरून सांगायचा. मग थोडं हसून म्हणाला, "माणूस एवढा कडक, की एकदा आमची जिंकत आलेली गाडी त्याने एका हाकेवर टायर बदलायला आत बोलावली. कप गेला. पण इमानदार होता."

लोक हळूच हसले. तुझी बायको, रेश्माभाभी, मान खाली घालून बसली होती.

मी उभी राहिले. म्हटलं, "ती हाक मला ऐकू आलीच नव्हती. गाडी मी चालवत होते. मी स्वतःहून आत आले."

"ताई, आता कशाला ते," तो म्हणाला. "जानेवाला गया."

"गेला म्हणूनच सांगते. माझा निर्णय त्याच्या नावावर टाकू नका. चूक म्हणून नको आणि इमानदारी म्हणूनही नको."

मग तुझ्या काकांनी मध्ये पडून अरदासची प्रार्थना सुरू करायला लावली. बस, एवढंच भांडण.

पण तुला माहीत आहे, हे भांडण मुळात त्याच्याशी नव्हतंच. ते तुझ्याशी होतं, गेल्या वर्षापासूनचं, आणि तू ते अर्ध्यावर टाकून गेलास.

कॅम्प दोनमधल्या तुझ्या दुकानात मी पहिल्यांदा आले तेव्हा तुझे वडील गल्ल्यावर होते आणि तू जमिनीवर बसून ट्यूब पाण्यात बुडवत होतास. मला मागच्या चाकांसाठी जुने टायर हवे होते, पण दोन्ही सारखेच झिजलेले. तुझ्या वडिलांना वाटलं मी चेष्टा करतेय. "जुनेच घ्यायचेत तर झीज कशाला बघते?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, रेसला लागतात. दुकानात बसलेले दोघं-तिघं हसले. तू मान वर केलीस आणि फक्त विचारलंस, "माती की डांबर?"

तेवढ्या एका प्रश्नावर मी तुझी गिऱ्हाईक झाले. पुढच्या रविवारी तू वांगणीच्या पुढच्या मोकळ्या रानात माझी शर्यत बघायला आलास, आणि त्यानंतर माझी एकही शर्यत तुझ्याशिवाय झाली नाही. अंबरनाथच्या कारखान्यात कामगारांची बस चालवणाऱ्या माणसाची मुलगी मी, बदलापुरात मोटर ट्रेनिंग स्कूल चालवणारी. आठवडाभर लोकांना क्लच सोडायला शिकवायचं आणि सुट्टीत शर्यत. तू मला "मास्तरीण" म्हणायचास. मी तुला कधी साहेब म्हटलं नाही, जरी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तू सांगायचास, "इंडिया का नंबर वन टायरमॅन आपके सामने खड़ा है, साईं." लाज तुला कधी वाटलीच नाही. मला त्याचं बरं वाटायचं. मी आयुष्यभर नम्र राहिलेल्या माणसांत वाढले, आणि त्यांच्या नम्रपणाचं काय झालं ते बघितलंय.

मोठ्या टीमने आपल्याला घेतलं तेव्हा मी ड्रायव्हर होते आणि तू टायरप्रमुख. तिथे तुझी आणि नियमांच्या पुस्तकाची गाठ पडली. नवीन लग्न झाल्यासारखा त्या पुस्तकाच्या मागे लागलास तू. सकाळी दाल पकवान खाता खाता मोठ्याने वाचायचास. शर्यतीच्या आठवड्यात प्रत्येक गाडीला ठराविकच टायर मिळणार, त्यांवर अधिकाऱ्यांचा शिक्का असणार, शिक्का नसलेला टायर लावला तर बाद. बदलताना काढलेलं चाक जमिनीवर आडवं ठेवायचं, उभं सोडायचं नाही, घरंगळलं तर शिक्षा. आणि तुझा सगळ्यात लाडका नियम: टायर दोन प्रकारचे. मऊ टायर पकड चांगली देतो पण लवकर झिजतो, कडक टायर हळू पण टिकतो. शर्यतीत दोन्ही प्रकार एकदा तरी वापरायलाच हवेत, म्हणजे प्रत्येकाला मध्येच रस्ता सोडून आत, पिटमध्ये, थांबून टायर बदलावेच लागतात. त्यातून सुटका एकाच गोष्टीने. पाऊस आला आणि अधिकाऱ्यांनी सुरुवातीच्या रेषेजवळ "ओली शर्यत" असा बोर्ड दाखवला, तर हा नियम त्या दिवसापुरता रद्द.

"बोर्ड," तू बोट वर करून म्हणायचास. "पाऊस नाही, मास्तरीण. बोर्ड. आभाळ काय करतं ते आपल्याला विचारायचंच नाही."

आता ती शर्यत. तुझ्या बाजूने तू ती मला इतक्या वेळा सांगितलीस, की एकदा माझ्या बाजूने गप्प बसून ऐक.

मऊ टायरवर सुरुवात केली. मी पहिली होते. कडक टायरवर उशिरा जायचं ठरलं होतं. मग लांबच्या वळणावर भुरभुर सुरू झाली. पावसाळी टायर लावण्याएवढी नाही, पण रस्ता थंड झाला आणि मऊ टायर झिजायचे थांबले. गाडी इतकी सुरेख चालत होती की थांबावंसं कुणालाच वाटलं नसतं. मागची गाडीही थांबली नव्हती. मग कानात मालकाचा आवाज आला, "बाहेरच राहा. पाऊस आहे, नियम उठणार. राहा बाहेर." नंतर नुसती खरखर. तू दुसऱ्या माइकवरून ओरडत होतास, हे मला नंतर कळलं. त्याने बटण दाबून धरलं होतं, त्यामुळे तुझा एक शब्दही गाडीपर्यंत पोचला नाही. पिटमध्ये मात्र सगळ्यांनी तुला "आत ये, आत ये" ओरडताना पाहिलं.

मी दर फेरीला रेषेजवळून जाताना त्या बोर्डाची जागा बघत होते. बोर्ड नव्हता. पुढच्या फेरीला नव्हता. त्याच्या पुढच्या फेरीलाही नव्हता. शर्यत संपत आली होती. मी मालकाचं ऐकलं असतं तर जिंकले असते, आणि नियमाने ते जिंकणं माझं नसतं. मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. पुस्तक तू मोठ्याने वाचायचास, पण कान मलाही होते. मी पिटच्या गल्लीत वळले.

आणि तिथे माझा ऊर भरून आला, हरेश. कारण मी कुणाला कळवलं नव्हतं, आणि तरी माझ्या जागेवर कडक टायरची चारही चाकं मांडून तू उभा होतास. मालक तुझ्या बाजूला हात हवेत फेकत होता. तू त्याच्याकडे बघतही नव्हतास. तू माझ्याकडे बघत होतास. मुलांनी चाकं बदलली, काढलेली आडवी ठेवली, तू हात खाली केलास, मी निघाले. मागची गाडी तेवढ्यात पुढे गेली होती. ती थांबलीच नाही. मी दुसरी आले.

मग अधिकाऱ्यांनी निकाल दिला: पाऊस पडला होता, बोर्ड दाखवायचा विचार होता, दाखवायचा राहून गेला, म्हणून नियम लागू नव्हता असं धरावं. पहिला तोच पहिला. ज्यांनी नियम पाळला ते येडे ठरले. परतीच्या प्रवासात गाडीत कुणी आपल्याशी बोललं नाही, आणि आठवड्याभरात मालकाने दोघांनाही नमस्कार केला.

मी म्हटलं, अपील करू. त्यासाठी टायरप्रमुखाचा जबाब लागणार होता. तू नाही म्हणालास. मला अजून तुझं ते तोंड आठवतं, काउंटरवर हात ठेवून उभा होतास, मागे टायर छतापर्यंत रचलेले.

"पंचांनी बोललं, खलास. तो पण नियमच आहे."

"अपील करणंसुद्धा नियमच आहे. त्याच पुस्तकात आहे."

"अपील करणारी बाई म्हणून तुला परत कोणी गाडी देणार नाही, मास्तरीण."

"माझं नुकसान मी ठरवीन. तू फक्त जे झालं ते सांग."

तू नाही सांगितलंस. मला वाचवण्यासाठी गप्प राहिलास, मला माहीत आहे, आणि तरीही ते चूक होतं. तू मेलास म्हणून ते बरोबर होणार नाही. मी त्या दिवशीही हेच म्हटलं होतं, आज तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोरही हेच म्हणते.

त्याहून जास्त लागलं ते वेगळं. मी तुला सांगितलं होतं की तुझी हाक मला ऐकू आली नव्हती. एकदा ट्रॅकवरच सांगितलं, एकदा दुकानात. दोन्ही वेळा तू हसलास. "मला वाचवायला खोटं बोलू नको. मी बोलावलं, तू आलीस. हिशेब माझ्यावर." मालकाचा विश्वास बसला नाही ते मी समजू शकते. बाई गाडी चालवू शकते इथवर त्याची मजल होती, ती चालवताना विचारही करते हे त्याला पेलण्यासारखं नव्हतं. पण तू? माती की डांबर विचारणारा तू?

तरी आपण थांबलो नाही. थांबायचं तुला येतच नव्हतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये आपण आपली छोटी टीम उभी केली. गाडी जुनी, पण आपली. वांगणीच्या संतोषला तू चाकांच्या कामाला उचललंस. संतोष शेतकऱ्याच्या घरचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, हात लोखंडाचे. त्याला चाकाचे नट सोडवायची गन धरायला शिकवायला तू दर रविवारी चिखलोलीच्या त्या नव्या इमारतींमागच्या सिमेंटच्या रस्त्यावर सगळ्यांना न्यायचास. एकदा त्याने काढलेलं चाक घाईत उभंच सोडलं. ते उतारावरून जे निघालं ते सोसायटीच्या फाटकात शिरलं आणि वॉचमनच्या रिकाम्या खुर्चीला घेऊनच आडवं झालं. आम्ही सगळे रस्त्यावर बसून हसत होतो. तू मात्र गंभीरपणे जाऊन वॉचमनची माफी मागितलीस, खुर्ची सरळ केलीस, आणि परत येऊन संतोषला म्हणालास, "ही ट्रॅकवर शिक्षा झाली असती. आता परत कर."

"दादा, चाक दमलंय," संतोष म्हणाला.

"चाक नाही दमत. तू दमतोस. परत कर."

तो सरावाचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला होता, हे मी तुला बोलले नाही. बोलायची पद्धत नव्हती आपल्यात. आपण फक्त भांडायचो, आणि भांडण संपलं की चहा मागवायचो.

तू गेलास त्या दुपारी मी बदलापूरला स्कूलच्या गाडीत एका काकूंना रिव्हर्स शिकवत होते, तेव्हा संतोषचा फोन आला. तू दुकानात जेवायला बसला होतास. छातीत दुखतंय म्हणालास, गॅस आहे म्हणालास, आणि एका रिक्षावाल्याचं चाक आधी करून द्या म्हणून पोरांना पिटाळलंस. माझ्या टायरच्या आवाजातला एवढासा बदल तुला कळायचा आणि स्वतःच्या छातीचा आवाज कळला नाही. याचा राग मला अजून आहे. दुःख कमी झालं तरी हा राग कमी होऊ देणार नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तुझी आत्या म्हणत होती, त्या गाड्यांच्या शर्यतीने खाल्लं पोराला. मी तिला तिथे काही बोलले नाही. इथे बोलते. शर्यतीने तुला खाल्लं नाही. शर्यत नसती तर तू त्या दुकानात चाळीस वर्षं लोकांची पंक्चरं काढत मेला असतास आणि तुझ्या पगडीला कुणी भांडलं नसतं. ज्या गोष्टीने माणूस जिवंत असतो तिलाच त्याचं मरण चिकटवायचं, ही आपल्याकडची सोय मला मान्य नाही.

पगडीनंतर सगळे गेले. मी भांडी आत नेऊन ठेवत होते. रेश्माभाभी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मला वाटलं, तीही सबर शिकवणार.

ती म्हणाली, "खरंच तू स्वतः आली होतीस?"

"खरंच."

"त्याला सांगितलं होतंस?"

"दोनदा. हसला."

ती बराच वेळ नळाखाली एकच पेला धूत राहिली. मग म्हणाली, "घरी येऊन नव्हता हसला. त्या रात्री जेवला नाही. बोलला, 'वो कह रही है ख़ुद आई. अगर सच है ना, रेश्मा, तो वो मुझसे आगे निकल गई. मैं तो पिट में खड़ा था, वो तो जीत रही थी.'"

मी तिच्या हातातला पेला घेतला आणि नळ बंद केला.

"मी म्हटलं, मग तिला सांग ना," भाभी म्हणाली. "तर म्हणाला, 'नहीं. सर पे चढ़ जाएगी.'"

आणि आम्ही दोघी त्या स्वयंपाकघरात हसलो, तुझ्या तेराव्यालाही वेळ होता तेव्हा, आणि मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. बाहेरून तुझे काका डोकावले आणि परत गेले.

म्हणजे तुला माहीत होतं. तू मानलं होतंस. एवढं मोठं वाक्य बायकोला सांगितलंस आणि मला सांगितलं नाहीस. हरेश, डोक्यावर चढले असते तर चढले असते. मला ते तुझ्या तोंडून हवं होतं. आता भाभीच्या तोंडून मिळालंय, आणि ते मी घेतलं. अर्धवट का होईना, घेतलं.

मोसमातली पहिली शर्यत तू गेल्यावर लगेचच होती. यंदा गाडी नेऊ नका, असं चार जणांनी सांगितलं. संतोष म्हणाला, "ताई, नाही गेलो तं दादा वरून चाक फेकून मारंल." आम्ही गेलो. रेश्माभाभीने तुझी टोपी दिली नाही की फोटो दिला नाही. डबा दिला, सगळ्यांना पुरेल एवढा.

शर्यतीआधी ड्रायव्हर लोकांना एका खोलीत बसवून नियम सांगतात, तू दाराशी उभा राहून ऐकायचास तीच बैठक. समोर तेच मुख्य अधिकारी, ज्यांनी गेल्या वर्षी बोर्ड "राहून गेला" असं ठरवलं होतं. जुन्या मालकाचा नवा ड्रायव्हर माझ्या पुढे बसला होता. मालक भिंतीला टेकून. शेवटी अधिकारी म्हणाले, कुणाला काही विचारायचंय? कधीच कुणी काही विचारत नाही.

मी हात वर केला. "पाऊस पडला आणि ओल्या शर्यतीचा बोर्ड लागला नाही, तर दोन्ही प्रकारचे टायर वापरायचे की नाही?"

पुढे बसलेला नवा ड्रायव्हर मागे वळून बघायला लागला.

"वापरायचे," ते म्हणाले.

"बोर्ड लावायचा विचार होता, असं नंतर कुणी म्हटलं तर?"

त्यांनी चष्मा काढला. "गेल्या वर्षीचा विषय इथे नको."

"गेल्या वर्षीचं विचारत नाही, सर. आजचं विचारतेय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही नजर हटवली नाही.

"बोर्ड लागला नाही, तर नियम लागू," ते म्हणाले. "कुणाचा काही विचार असो."

"सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी."

भिंतीला टेकलेल्या मालकाने खाली बघितलं. मला तेवढं पुरलं. कप परत मिळाला नाही, मिळणारही नाही. पण तुझं पुस्तक बरोबर वाचलेलं होतं, हे त्या खोलीत त्या माणसाच्या तोंडून बोललं गेलं आणि सगळ्यांनी ऐकलं.

त्या दिवशी पाऊस आलाच नाही. ऊन होतं, रस्ता तापलेला, मऊ टायर मधेच बसायला लागले. कानात संतोष होता, त्याला काय बोलावं कळत नव्हतं, तो नुसता श्वास घेत होता. मागचं डावं चाक वळणावर सरकायला लागलं तेव्हा मी ठरवलं.

"संतोष, कडक काढून ठेव. येतेय."

"ताई," तो गोंधळून म्हणाला, "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "येतेय."